कोणता गॅलन?

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री अमेरिकेतून भाचीचा फोन आला. फोन माझ्यासाठी नव्हता, तिच्या आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी होता. नैवेद्याच्या उकडीच्या मोदकांची रंगीत तालीम म्हणून तिने थोडी उकड काढून पाहिली होती. पण उकड कोरडी झाली आणि पारी करताना कडा चिरू लागल्या. "आजी, मी अगदी मोजून घेतलं होतं गं. दोन कप पिठी आणि चारशे मिलिलिटर पाणी. कृतीत असंच लिहिलंय."

आई म्हणाली, "अगं, ज्या वाटीने पिठी घ्यायची, त्याच वाटीने पाणी घ्यायचं. मग वाटी कुठलीही असू दे."

दोघींचे काम तिथे संपले, माझे सुरू झाले. कृती लिहिणाऱ्या बाईंचा कप आपल्याकडचा, २०० मिलिलिटरचा असणार. भाचीच्या हातातला मापाचा कप अमेरिकेतला, म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटरचा. दोन कप पिठी ४७३ मिलिलिटर भरली, पाणी मात्र ४०० च राहिले. पाणी पंधरा टक्के कमी पडले, उकड कोरडी होणारच.

हा घोटाळा मला नवा नव्हता. नोकरीमुळे पाणीपुरवठ्याच्या कामाशी माझा वीसेक वर्षांचा संबंध आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका पंपाचा तक्ता करण्याचे काम माझ्याकडे आले. माहितीपत्रक अमेरिकन होते आणि त्यात क्षमता मिनिटाला ५०० गॅलन अशी दिली होती. एक गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर, हा डिप्लोमाला पाठ केलेला आकडा वापरून मी २,२७३ लिटर लिहून टाकले. साहेबांनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, "कोणता गॅलन?"

मला प्रश्नच कळला नाही. गॅलन दोन असतात हे मला त्या दिवशी समजले. त्या पंपाची खरी क्षमता मिनिटाला १,८९३ लिटर होती. तासाला जवळजवळ २३ हजार लिटर पाणी मी कागदावर जास्तीचे उपसले होते. त्यानंतर 'गॅलन दोन का?' हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. वाचत गेलो तशी त्यामागची हकिगत सापडत गेली. ती गणिताची कमी आणि इतिहासाची जास्त आहे.

राणी ॲनचा गॅलन

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गॅलन पायलीचे पन्नास होते म्हटले तरी चालेल. दारूचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा वेगळा. बिअरचा गॅलन २८२ घन इंचांचा होता, धान्याचा सुमारे २६९ घन इंचांचा. दारूचा गॅलन २३१ घन इंचांचा धरून जकात वसूल होत असे. पण १६८८ साली लंडनच्या गिल्डहॉलमधले अधिकृत माप मोजून पाहिले, तेव्हा ते २२४ घन इंचांचेच निघाले. पुढे १७०० साली परदेशी दारू आणणाऱ्या एका व्यापाऱ्याने मोठ्या गॅलनने मोजून कमी कर भरला आणि सरकारने लहान गॅलनने मोजून जास्त मागितला. वाद न्यायालयात गेला आणि दारूचा गॅलन नेमका केवढा, हे कायद्यात कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही ही गोष्ट उघड झाली.

म्हणून राणी ॲनच्या कारकिर्दीत, १७०६-०७ साली, कायदा झाला. आतून सात इंच व्यासाचे, सहा इंच खोल आणि सपाट बुडाचे गोल भांडे, किंवा २३१ घन इंच मावतील असे कोणतेही भांडे, म्हणजे दारूचा एक गॅलन. आपण शाळेत वृत्तचितीचे घनफळ काढायला शिकलो ते सूत्र इथे लावून पाहा. त्रिज्या साडेतीन इंच. तिचा वर्ग १२.२५. त्याला उंची ६ ने आणि पायच्या २२/७ या किमतीने गुणा. उत्तर बरोबर २३१ येते, दशांश चिन्हाची गरजच पडत नाही. पायची अधिक अचूक किंमत घेतली तर २३०.९ येईल. शाळेतला आपला ओळखीचा २२/७ असा एका देशाच्या मापात कायमचा जाऊन बसला आहे.

अमेरिका तिथेच थांबली

त्या वेळी अमेरिका म्हणजे इंग्लंडच्या वसाहती. तिथे हाच २३१ घन इंचांचा गॅलन चालू होता. धान्यासाठी तिथे विंचेस्टरचे बुशेल होते. १७७६ मध्ये वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले, पण मापे इंग्रजांचीच राहिली. नव्या राज्यघटनेने वजनमापे ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला. १७९० साली थॉमस जेफरसन यांनी दशमान पद्धतीचा समावेश असलेला अहवाल सादर केला, पण काँग्रेसने निर्णय घेतला नाही.

याच सुमारास फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धत जन्माला येत होती. १७९४ साली फ्रान्सने जोसेफ डॉम्बे या शास्त्रज्ञाला नव्या लांबीचे आणि वजनाचे तांब्याचे नमुने देऊन अमेरिकेला पाठवले. वाटेत वादळाने जहाज कॅरिबियन समुद्राकडे लोटले, समुद्री लुटारूंनी डॉम्बेला पकडले आणि माँटसेराट बेटावर कैदेतच त्याचा मृत्यू झाला. तो पोचला असता तर अमेरिकेने लगेच लिटर स्वीकारला असता असे म्हणता येणार नाही, कारण निर्णय लांबणीवर टाकण्याची सवय काँग्रेसला आधीपासूनच होती. १८२१ मध्ये जॉन क्विन्सी ॲडम्स यांनीही मापांवर मोठा अहवाल लिहिला. मेट्रिक पद्धतीची त्यांनी त्यात स्तुती केली, पण बदलाची शिफारस केली नाही.

आणि मग बदल झाला तो इंग्लंडातच. १८२४ च्या कायद्याने इंग्रजांनी दारू, बिअर आणि धान्य यांचे वेगवेगळे गॅलन रद्द करून एकच 'इंपीरियल' गॅलन ठरवला. ६२ अंश फॅरनहाइट तापमानाचे दहा पौंड शुद्ध पाणी ज्यात मावेल तो गॅलन. १ जानेवारी १८२६ पासून तो लागू झाला. त्याचे घनफळ सुमारे २७७ घन इंच, म्हणजे ४.५४६ लिटर. पुढे इंग्रजांचे राज्य जिथे जिथे होते तिथे तिथे हाच गॅलन गेला. तो कॅनडात गेला आणि आपल्याकडेही आला. माझ्या डिप्लोमाच्या वहीत होता तो हाच.

अमेरिका तोवर स्वतंत्र होऊन अर्धशतक होत आले होते, तिला हा कायदा लागू नव्हता. पण तिची स्वतःचीच अडचण होती. राज्यघटनेप्रमाणे आयात कर सगळ्या बंदरांत सारखा असायला हवा, आणि कर गॅलनवर असेल तर गॅलनही सारखा हवा. १८३० साली सिनेटने जकात नाक्यांवरची मापे तपासायला सांगितली. हे काम फर्डिनांड हॅसलर या मूळच्या स्विस शास्त्रज्ञाकडे आले. तपासात ठिकठिकाणच्या मापांत फरक आढळला. १८३२ मध्ये अर्थखात्याने हॅसलर यांच्या शिफारशीवरून २३१ घन इंचांचा गॅलन आणि २,१५०.४२ घन इंचांचे विंचेस्टर बुशेल ही मापे नक्की केली. दोन्ही मापे इंग्लंडने नुकतीच मोडीत काढली होती.

म्हणजे अमेरिकेने गॅलन लहान केला, हा आपला समज चुकीचा आहे. गॅलन इंग्रजांनी मोठा केला, अमेरिका राणी ॲनच्या गॅलनवर थांबली. पिढ्यान्‌पिढ्या गावापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना यात नवल वाटू नये. गावाकडे बदलून गेलेले काही शब्द आणि रीती बाहेर गेलेल्यांच्या घरात जशाच्या तशा टिकतात. मापांचेही तसेच झाले.

औंसची गंमत

गॅलन लहान म्हणून त्याचे सगळे भाग लहान असतील असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. इंग्रजांनी आपल्या गॅलनचे १६० भाग केले, अमेरिकेचे १२८ च राहिले. त्यामुळे इंग्रजी द्रव औंस २८.४ मिलिलिटरचा, तर अमेरिकन २९.६ मिलिलिटरचा. गॅलन इंग्रजांचा मोठा आणि औंस अमेरिकेचा मोठा! पाइंट अमेरिकेत १६ औंसांचा म्हणजे ४७३ मिलिलिटर, इंग्लंडात २० औंसांचा म्हणजे ५६८ मिलिलिटर. भरीला अमेरिकेत द्रवाचा पाइंट वेगळा आणि कोरड्या जिनसांचा वेगळा. कोरडा पाइंट सुमारे ५५१ मिलिलिटरचा असतो, कारण तो विंचेस्टरच्या बुशेलवरून आला आहे.

मुलांकडे, नातवंडांकडे जाणाऱ्यांनी हाताशी ठेवावेत असे अमेरिकन मापांचे आकडे इथे देतो.

१ चहाचा चमचा – ४.९ मिलिलिटर (५ धरावे)
१ मोठा चमचा – १४.८ मिलिलिटर (१५ धरावे)
१ द्रव औंस – २९.६ मिलिलिटर
१ कप (८ औंस) – २३६.६ मिलिलिटर
१ पाइंट (२ कप) – ४७३ मिलिलिटर
१ क्वार्ट (२ पाइंट) – ९४६ मिलिलिटर
१ गॅलन (४ क्वार्ट) – ३.७८५ लिटर

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरच्या पोषणाच्या तक्त्यात मात्र तिथल्या नियमाप्रमाणे कप २४० मिलिलिटरचा धरतात. पेट्रोलचा भाव गॅलनला ३ डॉलर असेल तर ३.७८५ ने भागावे, लिटरला सुमारे ७९ सेंट पडतात. गाडी गॅलनला ३० मैल जाते असे जावई सांगत असतील तर ती लिटरला पावणेतेरा किलोमीटर जाते.

गॅलनच्या पोटात लिटर

अमेरिका मेट्रिक पद्धत मानत नाही असे आपण सर्रास म्हणतो. कागद वेगळेच सांगतात. १८६६ मध्येच तिथे मेट्रिक मापे कायदेशीर झाली. १८७५ मध्ये पॅरिसला १७ देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या, त्यात अमेरिका होती. त्या करारानुसार मिळालेले मीटर आणि किलोग्रॅमचे प्रमाण नमुने १८९० च्या जानेवारीत अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या समक्ष उघडले गेले. इंग्लंडकडून आलेल्या यार्डाच्या नमुन्यापेक्षा ते अधिक भरवशाचे होते. ५ एप्रिल १८९३ रोजी तिथल्या सर्वेक्षण खात्याचे प्रमुख थॉमस मेंडेनहॉल यांनी आदेश काढला की यापुढे यार्ड आणि पौंड हे मीटर आणि किलोग्रॅमवरूनच ठरवले जातील.

१९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि इतर इंग्रजी भाषक देशांनी मिळून एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर असे ठरवले. आता २.५४ चा घन करून त्याला २३१ ने गुणा. ३,७८५.४११७८४ घन सेंटिमीटर येतात. अमेरिकन गॅलनची ही आजची तंतोतंत व्याख्या. नाव आणि आकार राणी ॲनचा, पण आधार मीटरचा.

१९७५ मध्ये अमेरिकेने मेट्रिककडे जाण्याचा कायदाही केला, पण तो ऐच्छिक ठेवला. त्यासाठी नेमलेले मंडळ १९८२ मध्ये बंद झाले. बदल झाला तो तुकड्यातुकड्यांनी. दारूच्या बाटल्या १९७९-८० पासून मेट्रिक झाल्या. गॅलनचा पाचवा भाग म्हणजे ७५७ मिलिलिटरची बाटली होती, ती ७५० ची झाली. शीतपेय दोन लिटरच्या बाटलीत मिळते, दूध मात्र अजून गॅलनच्या कॅनमध्ये. एकाच दुकानात, एकाच पिशवीत, दोन पद्धती.

चुकीची किंमत

दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात तेव्हा काय होऊ शकते, याचे उदाहरण शेजारच्या कॅनडात घडले. तो देश तेव्हा जुन्या मापांकडून मेट्रिककडे चालला होता. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे नवे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जायचे होते. विमानात ६९ माणसे होती. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीत मोजपट्टी घालून इंधन मोजले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलो इंधन लागणार होते. आता लिटरचे किलो करायचे तर सुमारे ०.८ ने गुणायला हवे होते. कागदावर आकडा होता १.७७. तो लिटरचे पौंड करण्याचा होता. जुन्या विमानांना पौंडच लागत, या नव्या विमानाला किलो हवे होते.

१.७७ ने गुणल्यामुळे टाकीत साडेतेरा हजार 'किलो' आहेत असे वाटले. प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपासच होते. सुमारे २०,००० लिटर भरायला हवे होते तिथे ४,९१७ लिटर भरले. विमान ४१,००० फुटांवर असताना इंधन संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन आणि मॉरिस क्विंटल यांनी ते अजस्र धूड घसरत घसरत गिमली गावच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. कोणाचाही प्राण गेला नाही. त्या दिवशी गुणाकार बरोबर होता, आकडा कोणत्या मापाचा ते कोणी विचारले नव्हते.

आपल्या नळाचे पाणी

हे सगळे दूरदेशीचे वाटेल, म्हणून आता आपल्या हैदराबादला येऊ. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा नागार्जुनसागरात येते आणि तिथून आपल्या नळाला. या योजनेचे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा रोज ९० एमजीडीचा, म्हणजे ९० दशलक्ष गॅलनचा. देशात वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला, पण पाण्याच्या हिशेबात गॅलन अजून तोंडी बसलेला आहे. आणि हा गॅलन इंग्रजांचा. एका टप्प्याचे पाणी ४० कोटी ९१ लाख लिटर होते. हाच आकडा कोणी इंटरनेटवर टाकून अमेरिकन गॅलनने बदलला तर उत्तर ३४ कोटी ७ लाख लिटर येईल. फरक ६ कोटी ८४ लाख लिटरचा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरांसाठीचे प्रमाण धरले, तर पाच लाख माणसांचे पाणी एका शब्दाच्या घोळात कागदावरून नाहीसे होते.

आपल्या आजी-पणजींना या प्रकाराचे आश्चर्य वाटले नसते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे त्यांना तोंडपाठ होते. आणि गंमत पाहा, अमेरिकेत दोन कपांचा पाइंट, दोन पाइंटांचा क्वार्ट, चार क्वार्टांचा गॅलन. मापे वेगळी, पण दुपटी-चौपटीची रचना हुबेहूब तीच. भांड्याने मोजणाऱ्या माणसाला दुप्पट आणि निम्मे करणे सर्वांत सोपे जाते, मग तो कोकणातला असो की बोस्टनचा. आणि पायलीही गावोगावी वेगळी असे. म्हणून परगावी धान्य घेताना जाणती माणसे आधी विचारत, "पायली कुठली?" माझ्या साहेबांचा प्रश्न तोच होता.

आईचे उत्तर याहूनही सोपे होते. पिठी आणि पाणी एकाच वाटीने घेतले की वाटी केवढी हा प्रश्नच उरत नाही, प्रमाण राहते. पण एक वस्तू कपाने आणि दुसरी मिलिलिटरने घेतली की कप कोणता ते सांगावेच लागते. आपल्या घराघरांत आईच्या, सासूच्या हातच्या कृती आता मुलांसाठी लिहून काढल्या जात आहेत आणि त्या हैदराबादहून न्यू जर्सीला आणि टेक्सासला जात आहेत. माझी एवढीच विनंती आहे की, वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून ठेवा: आमची वाटी इतक्या मिलिलिटरची. पन्नास वर्षांनी ती वही उघडणाऱ्या नातीला फोन करून विचारायला आजी नसेल.

चतुर्थीच्या दिवशी भाचीने पिठी आणि पाणी एकाच कपाने घेतले. रात्री एकवीस मोदकांचा फोटो आला. एकाही पारीला चीर नव्हती. आईने चष्मा लावून तो दोनदा पाहिला.

गणपती बाप्पा मोरया!